डाव्या खांद्याची बंदूक

नोव्हेंबर लागला की आमच्या मागच्या शेतातला फेझंट ओरडायला लागतो. शहाण्या पक्ष्याने खरं तर या दिवसांत तोंड मिटून बसावं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून जानेवारी संपेपर्यंत त्याला मारायची इथे आयर्लंडमध्ये कायद्याने मुभा असते. आणि नेमका तेव्हाच हा कुंपणाच्या कडेला उभा राहून, गंजलेलं फाटक ओढल्यासारखा दोनदा खर्र-खर्र करतो आणि वर पंख फडफडवून आपला पत्ता सगळ्या गावाला कळवतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अंगावर तांब्याची झळाळी, हिरवी मान, गळ्यात पांढरी कंठी, मागे हातभर शेपूट. लग्नात नवरदेवापेक्षा त्याच्या मामानेच जास्त सजावं तसा थाट. मादी बिचारी मातकट आणि गप्प. तिला मारायला बंदी आहे.

मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा राहतो. धुकं असतं. शेजारच्या गोठ्यातून दूध काढायच्या यंत्राची घरघर येत असते. अशात तो आवाज आला की मला एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी आयुष्यातली पहिली बंदूक विकत घेतली.

चिंचवडच्या माणसाने बंदूक घेतली म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग जरा मागे सरकून बसतात. माझ्या सात पिढ्यांत कुणी बंदूक हातात धरली नसावी. मी इंजिनीअर. कॉर्कच्या बंदराला लागून रिंगास्किडी म्हणून औषधांच्या कारखान्यांचा पट्टा आहे, तिथे गोळ्या पाडणारी यंत्रं ठीक चालताहेत हे कागदोपत्री सिद्ध करायचं माझं काम. दिवसभर मी इतरांच्या सह्या गोळा करतो. राहायला तिथून थोडा आत, शेतांच्या मधे असलेल्या नव्या घरांच्या रांगेत. आम्हाला मूल नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला विचारायचा अवघडलेपणा नको.

त्याच्या आदल्या वर्षी माझी बायको, मेधा, पुण्याला गेली होती. तिची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मेधा एकुलती एक. थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेली आणि वर्ष झालं. हाड जुळलं, पण आईंच्या मनातली भीती गेली नाही. एकटं राहणं त्यांना शक्य नव्हतं आणि त्या वयात त्यांना इथल्या ओल्या थंडीत आणून ठेवणं आम्हा तिघांपैकी कुणालाच पटत नव्हतं. मग एकदा मेधा फोनवर म्हणाली, “तूच ये ना परत. इथे मिळेल तुला काहीतरी.”

“बघू,” मी म्हणालो.

आपल्याकडे ‘बघू’ म्हटलं की बहुधा ‘नाही’च असतं, हे लग्न जमवणाऱ्यांपासून वर्गणी मागणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. माझं तसं नव्हतं. मला परत जायचं आहे की इथेच राहायचं आहे, हे मला खरोखर कळत नव्हतं. मेधाने पुन्हा विचारलं नाही, मी आपणहून विषय काढला नाही. रोजच्या फोनवर आम्ही आईंची औषधं, मी काय जेवलो, स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला का, असलं बोलायचो. मोठा प्रश्न मधे तसाच पडून राहिला.

घर फार शांत झालं होतं. एकटेपणा म्हटलं की लोकांना रडणं वगैरे वाटतं. माझं तसलं काही नव्हतं. मी सुपरमार्केटमध्ये स्वतः बिल करायच्या यंत्राकडे न जाता मुद्दाम लांबच्या रांगेत उभा राहायचो, कारण रांगेच्या शेवटी एक बाई बसलेली असायची आणि ती हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची. शनिवारी तेवढंच बोलणं व्हायचं. कधी कधी सोमवारी कारखान्यात पहिलं ‘गुड मॉर्निंग’ म्हणताना घसा खाकरायला लागायचा.

मागच्या शेताचा मालक डेनिस. साठीचा, बिनलग्नाचा, गाईगुरांत रमलेला. त्या पहिल्या एकट्या हिवाळ्यात एका रविवारी त्याने मला मागच्या दारात कप घेऊन उभं असलेलं पाहिलं. त्याच्या आधीच्या रविवारीही पाहिलं असणार. कुंपणापलीकडून तो म्हणाला, “दारात उभा राहून काय करतोस, बॉय? बूट घाल आणि काठी घे.” कॉर्कच्या लोकांना पन्नाशीचा माणूसही ‘बॉय’च असतो.

इथे जवळपास प्रत्येक गावात एक गन क्लब असतो. नाव भारदस्त आहे, पण प्रकार आपल्या गल्लीतल्या भजनी मंडळासारखा. तेच ते लोक, त्याच त्या जागा, सूर फारसा कुणाचा लागत नाही आणि चहाला मात्र सगळे हजर. बंदूकवाले शेताच्या कडेला उभे राहतात. बिनबंदुकीचे माझ्यासारखे झुडपांवर काठ्या आपटत, कुत्र्यांच्या मागून चालत पक्षी उठवतात. पक्षी उठला की नर की मादी ते ओरडून सांगायचं. मादी असेल तर ‘हेन!’ म्हणून असं ओरडायचं की सगळ्यांच्या बंदुका खाली आल्या पाहिजेत. कारखान्यात कुणाला आवाज चढवून न बोललेला मी त्या शेतांतून ‘हेन! हेन!’ करत हिंडलो. आवाज असा मोकळा सुटला की छातीत बरं वाटायचं. तो सगळा हिवाळा मी काठीवर काढला आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी चहा पिताना डेनिस म्हणाला, “पुढच्या वर्षी तुझी स्वतःची बंदूक घे. काठी काय, कुणीही धरतं.”

पडत्या फळाची आज्ञा. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं त्याच्या जीपमधून टॉम नावाच्या माणसाच्या बंदुकांच्या दुकानात गेलो.

दुकान म्हणजे टॉमच्या घरामागची पत्र्याची शेड, तिला लोखंडी दार. आत तेलाचा वास, कोपऱ्यात शेगडी, भिंतीला ओळीने बंदुका. मला हवी होती ती ओव्हर-अंडर, म्हणजे दुनळीच, पण नळ्या शेजारी शेजारी नसून एकावर एक. डेनिसची वडिलोपार्जित बंदूक शेजार-नळ्यांची आहे, पण नवख्याने ओव्हर-अंडरच घ्यावी असं त्याचं मत. डोळ्यासमोर एकच नळी दिसते, नेम धरायला सोपं जातं. बारा बोअरची, फार जड नको, दिवसभर चिखलातून वाहायची आहे. आणि जुनी. नवी परवडण्यासारखी जी होती ती टॉमनेच हाताने बाजूला सारली. म्हणाला, “ही नव्याचे नऊ दिवस चालेल. त्याच पैशात चांगली जुनी मिळते.” नव्याचे नऊ दिवस हे माझं भाषांतर, तो जे म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नव्हतं.

जुनी वस्तू पारखायचं शिक्षण आपल्याकडे लहानपणीच होतं. माझ्या वडिलांनी सेकंडहँड स्कूटर घेताना तिला झोपवून, उभी करून, तिच्या पोटाखाली शिरून पाहिलं होतं. मी त्यांचाच मुलगा. इंटरनेटवर महिनाभर वाचून, खिशात टॉर्च घेऊन गेलो होतो. नळ्या वेगळ्या करून खिडकीकडे धरल्या, आत कुठे गंजाचे खड्डे आहेत का पाहिलं. बोटाने टिचकी मारून नाद ऐकला. मडकं घेताना ऐकतो तसा. बंदूक मिटून हलवली, सांध्यात खुळखुळ आहे का बघितलं. बंदूक उघडायची वरची कळ मिटल्यावर मधोमध येते की पलीकडे सरकते, तेही तपासलं. पलीकडे गेली तर खूप वापरलेली. टॉम आणि डेनिस शेगडीपाशी उभे राहून हे सगळं शांतपणे पाहत होते.

“इंजिनीअर आहे तो,” डेनिस म्हणाला. “होऊ दे त्याचं.”

शेवटी एक इटालियन बंदूक मला पसंत पडली. मग मी तो प्रश्न विचारला, जो मी आयुष्यभर प्रत्येक दुकानात विचारत आलो आहे. “आणि उद्या विकायची झाली तर?”

हा आमच्या घराण्याचा मंत्र. आमच्याकडे वस्तू घरात येताना तिच्या जाण्याचा विचार आधी व्हायचा. स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक स्कूटर विकेपर्यंत निघालं नाही. मी इथे गाडी घेतली ती राखाडी, कारण राखाडी गाडीला गिऱ्हाईक पटकन मिळतं. घर घेतलं तेव्हा भिंती दुधाळ रंगाच्या होत्या, त्या तशाच ठेवल्या आणि एक खिळा मारू दिला नाही. आमच्या लग्नाचा फोटो कितीतरी वर्षं फळीवर भिंतीला टेकून उभा होता. मेधा म्हणायची, “आपण या घरात राहतोय की पुढच्या गिऱ्हाइकासाठी ते सांभाळतोय?” मी हसायचो. पण परदेशात राहणाऱ्या माणसाला हा मंत्र फार सोयीचा पडतो. कुठलीच वस्तू गळ्यात पडत नाही. कधीही निघता येईल, अशी सगळी मांडामांड असते.

“ही? ही ग्रँड आहे,” टॉम म्हणाला. “ही तू परत आणलीस तर मीच घेईन.”

माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त खांद्याला लावून बघायची. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, तरी नळीवरून सरळ दिसेना. मान वाकडी करावी लागायची. दुसरी दिली, तिसरी दिली. सगळ्यांचं तेच. टॉम म्हणाला, बंदुकीत काही खोट नाही. मग कशात आहे ते त्याने सांगितलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, म्हणून त्याने हातातली एक बंदूक काउंटरवरून माझ्याकडे दिली आणि तो आत गेला. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. समोरच्या तारेवर एक कावळा बसला होता. कसलाही विचार न करता मी बंदूक उचलली आणि कावळ्यावर धरली.

“तू डावरा आहेस हे कधी बोलला नाहीस,” मागून डेनिस म्हणाला.

“मी डावरा नाही.”

“बरं. मग ती कुठल्या खांद्याला लावली आहेस?”

डाव्या खांद्याला. गाल दस्त्यावर आपोआप टेकला होता आणि नळीच्या टोकाशी कावळा अगदी सरळ दिसत होता. टॉम परत आला आणि त्याने मला दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्या नाकाकडे बोट दाखवायला लावलं. बोट माझ्या डाव्या डोळ्यासमोर आलं. डावा डोळाच माझा मालक आहे, असं त्याने जाहीर केलं. वयाच्या पन्नाशीनंतर स्वतःबद्दल हे कळणं म्हणजे कमालच.

कमाल तरी कसली म्हणायची. मला सगळं आठवलं. पानावर डावा हात पुढे गेला की वडील फक्त घसा खाकरायचे. प्रसाद घ्यायला डावा पुढे केला की गुरुजी हात तसाच वर धरून थांबायचे. बालवाडीत पाटीवरची पेन्सिल बाई एका हातातून काढून दुसऱ्या हातात द्यायच्या, प्रेमाने, न रागावता. कुणी मारलं नाही, बांधलं नाही. सगळ्यांनी मिळून हळूहळू मला उजवा केला आणि मी इतका छान उजवा झालो की मी डावरा होतो हेही विसरून गेलो. त्यांचा मला राग नाही. फक्त त्या शेडमध्ये उभं असताना वाटलं की आपल्यातला कुणीतरी एवढी वर्षं गुपचूप बाजूला बसून होता.

टॉमने आतून एक ओव्हर-अंडर आणली. डावखुऱ्या माणसासाठी केलेली, दस्ता दुसऱ्या बाजूला किंचित वळवलेला. कुणा शेतकऱ्याची होती, तो गेल्यावर घरच्यांनी आणून दिली होती. नळ्या स्वच्छ, सांधा घट्ट, लाकडावर मात्र जिथे हाताने धरतात तिथली नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती. मी खांद्याला लावली. मान वाकडी करावी लागली नाही. काहीच करावं लागलं नाही. आणि ती त्या इटालियन बंदुकीपेक्षा बरीच स्वस्त होती.

“स्वस्त का?”

“कारण डावरे कमी,” टॉम म्हणाला. “किती दिवस पडून आहे ती इथे. आणि ऐक, ही परत आणलीस तर मी घेणार नाही. नंतर कटकट नको.”

म्हणजे दोन बंदुका होत्या. एक कधीही विकता येणारी, मान वाकडी करून चालवायची. दुसरी अंगाला बसणारी, पण घेतली की माझीच. शिवाय परवान्याचा प्रकार असा की इथे आधी बंदूक ठरवायची, मग तिच्या नंबरावर पोलिसांकडून परवाना मिळवायचा, आणि तो तीन वर्षांचा असतो. मी डेनिसकडे पाहिलं. तो म्हणाला, “दोन्ही ग्रँड आहेत, बॉय.” इथे ‘ग्रँड’ म्हणजे नुसतं ‘ठीक’. आयरिश माणसाकडून सल्ला मिळणं फार कठीण.

मी आठवडाभर विचार केला. माणसं घर घेतानाही इतका करत नसतील. रात्रीचं जेवण झालं की हात धुता धुता मनात हिशेब चालायचा, आणि तो बंदुकीचा नाही हे मला समजत होतं. परत जायचं असेल तर इटालियन घे. किंवा कुठलीच घेऊ नको, काठी आहेच. डावरी घेतलीस तर तू इथे राहणार आहेस. इतकं सरळ होतं ते. शनिवारी मी टॉमला फोन केला आणि डावरी ठेव म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची भीती वाटली.

बंदुकीसाठी लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसवावं लागतं. डेनिस ड्रिल घेऊन आला. आमच्या दुधाळ भिंतीला पहिलं भोक पडलं, पांढरी भुकटी गालिच्यावर सांडली, आणि मी झाडू घ्यायला धावलो. “घर आहे ते,” डेनिस म्हणाला, “म्युझियम नाही.”

परवाना आला, बंदूक घरी आली, तेव्हा मेधाला सांगितलं. एवढे दिवस का सांगितलं नाही, असं तिने विचारलं नाही. आधी हसली. दसऱ्याला पूजा केलीस का म्हणाली. पाटीपुस्तकाऐवजी काडतुसं मांड म्हणाली. मग म्हणाली, “महाग पडली असेल.”

“नाही गं. स्वस्तात मिळाली. डावखुऱ्यांसाठीची आहे.”

“तू कुठे डावखुरा आहेस?”

“आहे म्हणे.”

“आणि परत विकायची झाली तर?”

“नाही विकली जाणार,” मी म्हणालो.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग “बरं” म्हणाली. “आईला औषध द्यायचंय, ठेवते.”

माझ्याबरोबर इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला याहून स्पष्ट काय सांगायला हवं होतं? राखाडी गाडी, बिनखिळ्यांच्या भिंती, सगळं तिने पाहिलेलं. तिच्या कित्येक महिन्यांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं होतं आणि ते देताना मी बंदुकीबद्दल बोलत होतो. मला वाटतं तिला ते माझ्या आधी कळलं.

दोन दिवसांनी व्हिडिओवर आई आल्या. आईंचं माहेर-सासर दोन्ही कराडकडचं. पुण्यात इतकी वर्षं काढून बोलणं तिकडचंच राहिलेलं. पलंगावर बसून, चष्मा पुढे ओढून त्यांनी मला निरखलं.

“जावईबापू, बंदूक घेतली म्हनं?”

“हो आई.”

“कशापायी वो? झुरळ मारायला मेधीला हाक मारत हुता की तुमी.”

मी हसलो. मेधाचाही हसण्याचा आवाज बाजूने आला. आई हसल्या नाहीत. “येकटं हाय म्हनून करताय व्हय ह्ये?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही हो, गंमत म्हणून. त्यांनी मान हलवली आणि फोन मेधाकडे दिला.

पण तो हिवाळा सुंदर होता, हेही सांगायला हवं. रविवारी उजाडता उजाडता निघायचं. गवतावर पांढरं हिव, पायाखाली ते करकरायचं. ओल्या कुत्र्यांचा वास, रबरी बुटांत थिजलेली बोटं, कापलेल्या मक्याचे खुंट, काटेरी कुंपणात अडकून राहिलेल्या काळ्या सुकलेल्या बेऱ्या. खांद्यावर ते वजन. कधी तासन्‌तास काही उठायचं नाही आणि मग पायाखालचीच जमीन फुटल्यासारखा पक्षी धडधडत वर जायचा, आणि मी बंदूक उचलेपर्यंत पलीकडच्या गावात पोचायचा. मी नेमाने चुकत होतो. कुणी चिडवलं नाही. चिडवायला लागले तेव्हा डिसेंबर उजाडला होता आणि मला ते चिडवणं मानाचं वाटलं. चहाच्या वेळी मी डब्यातून चिवडा काढायचो. पहिल्यांदा त्यांनी औषध घ्यावं तसा चिमूटभर घेतला. पुढच्या रविवारी डबा माझ्याकडे रिकामा परत आला. बोलणं व्हायचं ते हवेवर, हर्लिंगच्या सामन्यांवर आणि आठवड्यात कोण वारलं त्यावर. वारलेला माणूस कुणाचा कोण ते मला कळावं म्हणून ते आता थांबून समजावून सांगत. मला तिथे कुणी, किती दिवस राहणार आहेस, असं विचारत नव्हतं. कारखान्यात अजूनही विचारतात.

नाताळच्या आधीच्या रविवारी बीटच्या शेताच्या कडेने डेनिसचा कुत्रा थबकला, शेपूट ताठ झालं, आणि नर उठला. मी काही ठरवलं नाही. बंदूक डाव्या खांद्याला आली, आवाज झाला, आणि पक्षी हवेत मिटला. कुत्र्याने आणून हातात दिला. गरम होता. इतका गरम असेल असं मला वाटलं नव्हतं. मानेवरचा हिरवा रंग बोटाने बाजूला केला की खाली जांभळा दिसत होता. आनंद झाला, वाईटही वाटलं. दोन्ही खोटं नव्हतं. “गुड मॅन,” डेनिस म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

घरी आलो तेव्हा दुपारीच अंधारत होतं. पक्षी सिंकमध्ये ठेवला आणि उभ्याउभ्याच मेधाला फोन लावला. तिने आईंना नुकतंच झोपवलं होतं, त्यामुळे हळू बोलत होती.

“आज एक मिळाला,” मी म्हणालो.

“अरे वा.” मग, “रक्त येतं का रे खूप?”

“फार नाही.”

“हात धुतलेस?”

“धुतो.”

“मलाही तुला एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “मी मधे ती शाळा धरली होती ना, बदली शिक्षिका म्हणून? त्यांनी कायम केलं. काल पत्र दिलं.”

शाळेच्या वेळापुरती आईंजवळ एक बाई यायची. आयर्लंडला येण्यासाठी मेधाने शिकवणं सोडलं होतं. इथे ती दुसऱ्यांची मुलं सांभाळायच्या पाळणाघरात काम करायची आणि संध्याकाळी कधी कधी माझ्यासमोर फळा असल्यासारखी हात हलवून बोलायची. मला खरोखर आनंद झाला. मी अभिनंदन म्हणालो. तीही मला अभिनंदन म्हणाली. फोन ठेवल्यावर मी सिंकपाशी उभा राहून रडलो. बऱ्याच वर्षांनी. मग पक्षी सोलायला घेतला. पिसं सगळ्या स्वयंपाकघरभर झाली. काळा मसाला घालून रस्सा केला, तो दोन माणसांचा झाला, आणि सोमवार-मंगळवार तोच खाल्ला.

आमचं भांडण झालेलं नाही. वेगळे झालो असं आम्ही कुणाला सांगितलेलं नाही आणि झालेलोही नाही. रोज फोन होतो. ती मला वर्गातल्या मुलांच्या गमती सांगते, मी तिला कुत्र्यांच्या सांगतो. कुणी विचारलं तर दोघंही म्हणतो, आईंमुळे. ते खरंच आहे. आई आता बऱ्याच थकल्या आहेत. मधल्या काळात मी दोनदा पुण्याला जाऊन आलो; दोन्ही वेळा आईंनी मला काय आवडतं ते मेधाला आठवण करून देऊन करायला लावलं. आणि परत निघताना मला विमानतळावर सोडायला मेधा आली नाही, रात्रीचं आईंना एकटं ठेवता येत नव्हतं. मीच नको म्हणालो होतो. टॅक्सीत बसल्यावर मात्र वाटलं की माझं ते ‘नको’ तिने ऐकायला नको होतं.

आज सकाळी पुन्हा तो पक्षी ओरडला. रविवारी मी जाणार आहे. आता मी ‘हेन’ ओरडणाऱ्यांपैकी राहिलो नाही, कडेला उभ्या राहणाऱ्यांपैकी आहे, आणि माझी जागा ठरलेली आहे. एखाद्या रविवारी गेलो नाही तर दुपारी डेनिस दार वाजवून जिवंत आहेस ना विचारतो. एवढं मला पुरतं का, असं मी स्वतःला विचारतो. पुष्कळ दिवस पुरतं. काही दिवस अजिबात पुरत नाही.

मेधा नाताळच्या सुट्टीत येणार आहे. गेल्यापासून पहिल्यांदाच. आईंजवळ मावशी राहायला येणार आहेत. काल फोनवर म्हणाली, “तिकीट काढलं. थोडेच दिवस आहेत, पण येते.” मी म्हणालो, ये ये. मग बारीकसारीक बोलणं झालं. काळा मसाला किती आणू, गोडाचं काय आणू, डेनिसला काय आवडेल. शेवटी म्हणाली, “आणि ऐक, जास्तीचं पांघरूण आहे का घरात? नाहीतर मी बॅगेत टाकते एक.”

जिन्याखालच्या कपाटात तिनेच घेतलेली जाड पांघरुणं आहेत. आम्ही नवीन आलो होतो तेव्हाची, सेलमधली. ती स्वतः रांगेत उभी राहिली होती आणि बसमधून घरी येताना पांघरुणं मांडीवर घेऊन आम्ही दोघं हसत होतो. ती हे विसरली होती.

“आहे,” मी म्हणालो. “आणू नकोस.”

फोन ठेवल्यावर मी त्यातलं निळं काढलं, झटकलं, आणि वर निघालो. वर दोन खोल्या आहेत. एकीत मी झोपतो, दुसरी पाहुण्यांची. पांघरूण कुठल्या खोलीत ठेवायचं ते मला कळेना, आणि मी ते छातीशी धरून जिन्यात तसाच उभा राहिलो.